जुनी पेडल स्टील गिटार: सूर, जुळवणी आणि देखभाल — पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पेडल स्टील वाजवणारे थोडे आहेत, पण तिच्याविषयी विचारणारे बरेच. कुणाला परदेशातून परतलेल्या नातेवाइकाकडून मिळालेली असते, कुणी जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या घरून उचललेली असते, कुणी हौसेनं मागवलेली असते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेडल स्टील म्हणजे आपली हवाईयन गिटारच ना?

निम्मी. डाव्या हातात पोलादी बार, उजव्या अंगठ्याला आणि दोन बोटांना पिक, तार लाकडावर दाबायची नाही, बार नुसता टेकवून सरकवायचा: इथपर्यंत दोन्ही सारख्या. हवाईयन गिटार भारतात रुजली त्यात हवाईयन संगीत वाजवणारे ताउ मो यांच्या कुटुंबाचा मोठा वाटा आहे. १९४० च्या दशकात ते कोलकात्यात राहात होते. पुढे व्हॅन शिप्ले यांनी ती हिंदी चित्रपटसंगीतात लोकप्रिय केली आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत उभं केलं.

फरक आहे तो पायाशी. पेडल स्टीलच्या खाली सळ्या आणि आडवे दांडे असतात. पेडल दाबलं किंवा गुडघ्यानं लिव्हर सरकवली, की ठरावीक तारा ठरावीक सुरापर्यंत चढतात किंवा उतरतात. वाजत्या सुरातच पेडल दाबून तो वळवायची शैली लोकांच्या कानांवर ठसली ती १९५४ मध्ये. अमेरिकन कंट्री गायक वेब पीअर्स यांच्या गाण्यात बड आयझॅक्स यांनी ती वाजवली, आणि आज या वाद्याचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो तो तिथून सर्वत्र पसरला.

२. 'विंटेज' कशाला म्हणायचं? कोणती नावं ऐकायला मिळतात?

पॉल बिग्सबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हातानं बनवलेली वाद्यं फार दुर्मीळ आहेत. त्यानंतर फेंडरची केबलवर चालणारी मॉडेल्स आली. शो-बड ही नॅशव्हिलची कंपनी शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी काढली; नावातच दोघं आहेत. १९६३ मध्ये बडी एमन्स यांनी रॉन लॅशली यांच्याबरोबर एमन्स कंपनी सुरू केली. एमएसए आणि झेडबी हीसुद्धा त्याच काळातली. साधारणपणे १९८० च्या सुरुवातीपर्यंतच्या वाद्याला लोक विंटेज म्हणतात.

पुण्यात राहून सांभाळायचं असेल तर माझा कौल ऑल-पुल यंत्रणेच्या (जिच्यात सगळे चढ-उतार सळई ओढूनच होतात) वाद्याला आहे. ती समजायला सोपी आहे आणि तिचे बहुतेक भाग इथेच करून घेता येतात (प्रश्न २०). एक सावधगिरी मात्र हवी. सत्तरच्या दशकातल्या काही शो-बड वाद्यांमध्ये ओतीव जस्ताचे भाग आहेत आणि ते वयानुसार तडकतात. विकत घेण्यापूर्वी वाद्य उलटं करून टॉर्चच्या उजेडात ते भाग बघाच.

३. एक नेक घ्यावा की दोन?

एक. नेक म्हणजे तारांचा एक पूर्ण संच. दोन नेकच्या वाद्यात पुढचा नेक ई-नाइन जुळणीचा (तारांचे ठरलेले सूर, प्रश्न ४) आणि जवळचा सी-सिक्स जुळणीचा असतो. सी-सिक्सवर जॅझ, स्विंग सुंदर वाजतं, पण जुनं दुहेरी वाद्य पेटीसकट तीस किलोच्या वर जातं. जुन्या पेठेतल्या वाड्याच्या जिन्यावरून ते चढवण्याचा विचार आधी करा. या पानावरची सगळी उत्तरं ई-नाइन नेकची आहेत.

४. तारा कशा लावलेल्या असतात? सरगममध्ये सांगाल का?

हा प्रश्न मला सर्वात आवडतो, कारण सरगममध्ये मांडलं की हे यंत्र आपल्या माणसाला एका बैठकीत कळतं. 'ई'ला सा धरा. वादकापासून सर्वात लांबची तार पहिली, सर्वात जवळची दहावी:

रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प.

नी, ग, रे सगळे शुद्ध. नववी तेवढी कोमल नी. पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या सुरात आहेत, त्यामुळे नवीन माणूस गोंधळतो. पण त्या तिथे असल्यामुळेच सलग सप्तकाचे सूर बार न हलवता बोटांखाली मिळतात. तिसरीपासून आठवीपर्यंत ग-सा-प-ग-रे-सा असा भरलेला षड्ज आहे. बार पाचव्या खुणेवर ठेवला की हे सगळं जसंच्या तसं मध्यमावर जातं, सातव्यावर पंचमावर.

५. मग पेडल आणि लिव्हर काय करतात?

पहिलं पेडल दोन्ही पंचमांना धैवतावर नेतं. दुसरं पेडल दोन्ही गांधारांना मध्यमावर नेतं. दोन्ही एकत्र दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं. बार जागचा हलत नाही, सा जागेवर राहतो आणि दोन सूर वेगवेगळ्या अंतरानं वर चढतात. या वाद्यावर जीव जडतो तो बहुधा इथेच. तिसरं पेडल चौथ्या तारेचा सा रिषभावर आणि पाचवीचा प धैवतावर नेतं.

गुडघ्याच्या लिव्हरपैकी एक दोन्ही षड्जांना शुद्ध निषादावर उतरवते, एक त्यांना कोमल रिषभावर चढवते. आणखी एक दुसरी तार उतरवते, बहुधा नववीलाही शुद्ध धैवतावर आणते. कोणती लिव्हर कुठल्या गुडघ्याला हे वाद्यागणिक बदलतं. पेडलांचा क्रमही दोन पद्धतींचा असतो: बडी एमन्स यांचा डावीकडून पहिलं-दुसरं-तिसरं, आणि जिमी डे यांचा नेमका उलटा. तुमचं वाद्य कोणत्या पद्धतीचं आहे ते प्रत्येक पेडल दाबून कागदावर लिहा.

६. वाद्य घरी आलं. पहिल्या दिवशी काय करू?

काहीही फिरवू नका. वाद्य उलटं ठेवून खालच्या यंत्रणेचे जवळून फोटो काढा: प्रत्येक सळई कुठल्या भोकात आहे, कुठली स्प्रिंग कुठे ताणली आहे. हे फोटो पुढे सोन्यासारखे उपयोगी पडतात. मग वाद्य पायांवर उभं करा, जुन्या तारांवरच सूर जवळपास आणा आणि तासभर वाजवा.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी साफसफाई, मग सूर, आणि बदल अगदी शेवटी. जुन्या स्टीलविषयी येणाऱ्या बहुतेक तक्रारी पहिल्या दोन पायऱ्यांतच संपतात. 'टोन मेलेला आहे' म्हणून आलेल्या वाद्याचा टोन चिकटलेल्या नट रोलरमधून (खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात ते छोटे रोलर) आणि गंजलेल्या तारांमधून मोकळा होताना मी पाहिला आहे. पिकअपला (तारांचा कंप ॲम्पकडे पाठवणारा भाग) कुणी हात लावावा लागला नाही.

७. साफ कशानं करायचं? तेल कोणतं घालायचं?

चेंजरमध्ये, म्हणजे उजव्या टोकाला तारा जिथे अडकतात त्या बोटांच्या संचात, पन्नास वर्षांचं जुनं तेल गोंदासारखं झालेलं असतं. लायटरमध्ये भरायचं द्रव पेट्रोल बारीक नळीनं थोडं थोडं सोडा, पेडल हलवत राहा, खाली फडकं ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात आणि घरात समई, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेलं नको.

पूर्ण वाळल्यावर शिवणयंत्राचं पातळ तेल, प्रत्येक सांध्याला एकच थेंब, सुईच्या टोकानं. ग्रीस नको, गंज सोडवायचे स्प्रेही नकोत. दोन्ही धूळ धरतात आणि पुन्हा तोच गोंद तयार होतो. नटच्या बाजूचे छोटे रोलर बोटानं मोकळे फिरतात का तेही बघा.

बॉडी लॅकर केलेल्या मेपलची असेल तर फक्त किंचित ओलसर मऊ कापड. बॉडीवर मायका असेल (हो, स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटांना असतो तसाच) तर फारशी काळजी नाही. जुन्या लॅकरला नवं पॉलिश मारून चमकवायचा मोह आवरा.

८. सूर लावायचा क्रम काय?

ऑल-पुल वाद्याचा क्रम असा. आधी सगळ्या तारा मोकळ्या, खुंट्यांवर. मग उजव्या टोकाच्या प्लेटमधून दिसणारे नायलॉनचे नट. एकेक पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि त्या तारेचा नट पान्यानं फिरवून चढलेला सूर जुळवायचा. लिव्हरचंही तसंच. शेवटी पुन्हा एकदा मोकळ्या तारा तपासायच्या.

नट फार कसला तर सळईत सैलपणा उरत नाही आणि मोकळी तारच चढी राहते. नट आणि चेंजरच्या बोटामध्ये अगदी बारीक फट जाणवायला हवी. पुश-पुल वाद्याला हे उत्तर लागू नाही (प्रश्न २३).

९. ट्यूनरवर सगळं हिरवं दिसतं, तरी जुळलेल्या सुरांत खरखर का ऐकू येते?

कारण ट्यूनर टेम्पर्ड सूर (सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठरवलेले) दाखवतो आणि तुमचा कान तानपुऱ्यावर वाढलेला आहे. डिसेंबरात सवाईला बसून तानपुऱ्यातला स्वयंभू गांधार ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सूर मोजायला सेंट हे माप वापरतात. एका सप्तकाचे १,२०० सेंट. षड्जाशी ५:४ या प्रमाणात जुळणारा शुद्ध गांधार ३८६ सेंटवर येतो, ट्यूनरचा ४०० वर. चौदा सेंटचा फरक. पेटीवरच्या, म्हणजे हार्मोनियमवरच्या, गांधारावर हीच तक्रार होती. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत चालली, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं.

पेटीचे सूर वादकाला बसल्या बसल्या हलवता येत नाहीत. पेडल स्टीलवर प्रत्येक तारेला खुंटी आणि प्रत्येक चढ-उताराला स्वतंत्र नट आहे, म्हणजे हवा तो सूर लावायची मुभा आहे. ट्यूनरचा 'ई' शून्य धरून शुद्ध जुळणी अशी येते: मोकळा ग चौदा सेंट खाली. प दोन सेंट वर. दुसऱ्या पेडलचा म दोन सेंट खाली. पहिल्या पेडलचा ध सोळा सेंट खाली. लिव्हरनं उतरवलेला नी बारा सेंट खाली. आणि लिव्हरनं चढवलेला कोमल रे तब्बल तीस सेंट खाली, कारण तो पहिल्या पेडलच्या धैवताचा गांधार म्हणून वाजतो आणि तो धैवत मुळातच सोळानं उतरलेला असतो.

पण हे आकडे पाठ करून लावू नका. सा पक्का करा, ट्यूनर बंद करा, सा आणि ग एकत्र छेडा आणि दोन सुरांमधली थरथर थांबेपर्यंत ग उतरवत आणा. मग पहिलं-दुसरं पेडल दाबून सा-म-ध तसंच शांत करा. शेवटी ट्यूनर लावून पाहा; काटा वरच्या आकड्यांच्या आसपास थांबलेला दिसेल. अमेरिकेतल्या स्टीलवादकांनी कानानं शोधलेला गांधार आणि आपल्या तंबोऱ्यातला गांधार एकच आहे, आणि हे स्वतःच्या कानानं पडताळून पाहण्यासारखं सुख नाही.

१०. सगळं जुळलं, पण रिषभ काही केल्या दोन्हीकडे जुळत नाही. माझं काय चुकतंय?

काहीच नाही. सा-प च्या संगतीत रिषभ हा पंचमाचा पंचम असतो, ९:८ चा, २०४ सेंटवर. म्हणजे ट्यूनरच्या चार सेंट वर. पण पेडलं दाबून सा-म-ध झालं की रिषभाला धैवताशी जमवून घ्यावं लागतं आणि तो १०:९ चा, १८२ सेंटवर यावा लागतो. म्हणजे ट्यूनरच्या अठरा सेंट खाली. मधलं अंतर बावीस सेंटचं. आपल्याकडे यालाच प्रमाणश्रुती म्हणतात, आणि ते दोन रिषभ म्हणजे चतुःश्रुती आणि त्रिश्रुती. भरतमुनींनी दोन वीणा घेऊन मध्यम ग्रामासाठी पंचम जेवढा उतरवायला सांगितला, तेवढंच हे अंतर. एवढं जुनं कोडं आपल्या सातव्या तारेवर जसंच्या तसं बसलं आहे.

तोड तीन प्रकारची. तिसऱ्या पेडलचा रिषभ वेगळ्या नटवर आहे, तो निःशंकपणे अठरानं खाली लावा, कारण तो बहुतेक वेळा म आणि ध बरोबरच वाजतो. मोकळ्या पहिल्या आणि सातव्या तारेचा रिषभ वर ठेवा, आणि पेडलं दाबलेली असताना ती तार नुसती ओझरती वाजवा. तिसरा मार्ग यंत्राचा: पहिलं पेडल दाबताना सातवी तार किंचित उतरवणारी जादा सळई बसवतात. चेंजरमध्ये जागा असेल तर हे जमतं, पण जुन्या वाद्यात त्यासाठी नवी भोकं पाडायची वेळ येत असेल तर मी नाही म्हणेन.

११. बँडमध्ये कीबोर्ड असतो. मग एवढं उतरवलेलं चालेल का?

कीबोर्डच्या लांब धरलेल्या सुरावर चौदा सेंट खालचा गांधार टोचतो. अशा वेळी ग सात-आठ सेंट खाली, ध तितकाच, असा मधला मार्ग धरा आणि सा दोन-तीन सेंट वर ठेवा, म्हणजे एकूण वाद्य खाली गेल्यासारखं वाटत नाही. काही वादक पूर्ण टेम्पर्डही लावतात. तबला आणि स्वरमंडळ किंवा तानपुरा एवढीच साथ असेल तर मात्र शुद्ध जुळणी सोडू नका.

१२. पेडल दाबल्यावर न दाबलेल्या ताराही थोड्या उतरतात. वाद्य बिघडलंय का?

नाही. दोन पेडलांनी चार तारा ताणल्या की बॉडीवरचा एकूण ताण वाढतो, लाकूड किंचित वाकतं आणि बाकीच्या तारा सैल पडतात. चौथी तार छेडा, ट्यूनर बघा, पहिलं-दुसरं पेडल दाबा. काटा किती पडतो ते दिसेल. चार-पाच सेंटपर्यंत मी त्याकडे लक्ष देत नाही. त्याहून बराच जास्त पडत असेल तर बॉडीचे आणि शेवटच्या प्लेटचे स्क्रू सैल आहेत का, लाकडाला चीर आहे का ते बघा. सूर लावताना ही घट धरूनच म आणि ध लावा, म्हणजे दाबलेल्या अवस्थेतल्या सा शी ते जुळतील.

१३. पेडल सोडल्यावर तार मूळ सुरावर परत येत नाही.

आधी साफसफाई (प्रश्न ७), मग नटमधला सैलपणा (प्रश्न ८). तरीही राहिलं तर बघा, तार चढून परतताना चुकते की उतरून परतताना. उतरवलेली तार वर यायला चेंजरमधल्या स्प्रिंगा मदत करतात. त्या वर्षानुवर्षांत मऊ पडतात. नवी स्प्रिंग घालताना सगळ्या एकदम बदलू नका. एक बदला, वाजवून बघा. जास्त कडक स्प्रिंग घातली तर लिव्हर इतकी जड होते की गुडघा दुखतो.

१४. तिसरी तार सारखी तुटते. कोणती घालू?

तिथे ०.०११ इंचाची साधी तार असते आणि जाडीच्या मानानं तिच्यावर ताण सर्वात जास्त असतो. वर दुसरं पेडल तिला दर गाण्यात शेकडो वेळा वाकवतं. ती तुटते चेंजरच्या बोटाच्या माथ्यावर. तो माथा गुळगुळीत करा (प्रश्न १५) आणि तार तुटायची वाट न बघता ठरावीक काळानं बदला.

पूर्ण संच साधारण असा, पहिलीपासून: ०.०१३, ०.०१५, ०.०११, ०.०१४, ०.०१७, ०.०२०, ०.०२६, ०.०३०, ०.०३४, ०.०३६. शेवटच्या चार गुंडाळलेल्या. पेडल स्टीलचे संच इथल्या दुकानांत सहसा मिळत नाहीत, म्हणून एकदम बरेच मागवून हवाबंद डब्यात ठेवा. अडचणीत साध्या इलेक्ट्रिक गिटारची ०.०११ ची तार चालते. लांबी पुरते का ते आधी मोजा. निकेलच्या तारा गोड, पोलादी तारा चकचकीत. जुन्या वाद्यावर मी निकेलच लावतो.

१५. एका तारेतून तंबोऱ्याच्या जवारीसारखा आवाज येतो. मिरजेला नेऊ का?

मिरजेच्या कारागिरांचा हात जवारी काढण्यात आहे. इथे ती घालवायची आहे. चेंजरच्या बोटावर तारेनं खाच पाडली की तार एका बिंदूऐवजी लांबट पट्ट्यावर टेकते आणि झणझणते. तार काढा, अगदी बारीक, १,००० च्या पुढचा पॉलिश पेपर बोटाभोवती धरून तारेच्या दिशेनं हलकेच फिरवा, आडवा नाही. नुसता ओरखडा निघाला की थांबा. खाच खोल असेल तर बोट काढून बाहेर घासावं लागतं, आणि ते चेंजर उघडलेला माणूसच करू जाणे.

१६. चांगल्या टोनसाठी पिकअप बदलू का?

नका. जुन्या वाद्याचा मूळ पिकअप हा त्याचा आवाज असतो. आधी पिकअपची उंची बघा. तारांपासून ३ मिमीच्या आसपास ठेवा आणि थोडं वरखाली करून ऐका. खूप जवळ आणला तर आवाज मोठा होतो पण सूर आखडतो.

खरा टोन हातात आहे. बार जड हवा, दहा तारांना पुरेल असा, आणि तो तारांवर नीट टेकलेला हवा. नवशिके बार हलका धरतात, मग सूर पातळ येतो. बारामागे डाव्या हाताची मोकळी बोटं तारांवर टेकवून ठेवली की मागचा झणकार बंद होतो. खुणेच्या रेषेकडे तिरकं बघितलं तर सूर चुकतो, म्हणून डोकं वरून सरळ ठेवा आणि शेवटचा निर्णय कानावर सोडा. उजव्या हातानं तार कुठे छेडता यावरही फार अवलंबून आहे: पिकअपच्या अगदी वर कोरडा, थोडं डावीकडे भरदार.

ॲम्प स्वच्छ आणि ताकदीचा हवा, विकृती नको. पंधरा इंची स्पीकर या वाद्याला शोभतो. पीव्हीचे सेशन ४०० आणि नॅशव्हिल ४०० स्टीलवादकांमध्ये म्हणूनच लाडके आहेत. कोणताही ॲम्प असो, ८०० हर्ट्झच्या आसपासचा मध्य थोडा कमी करा, नाकातला आवाज जातो.

१७. व्हॉल्यूम पेडलनं प्रत्येक सूर फुगवायचा असतो का?

तो एक अलंकार आहे, रोजचा उपयोग नाही. सूर छेडताना पेडल साधारण अर्ध्यावर ठेवायचं आणि सूर विरू लागला की हळूहळू उघडत न्यायचं, म्हणजे तो एकसारखा टिकतो. आत ५०० किलो-ओहमचा पॉट (फिरवून कमी-जास्त होणारा रोध) असतो. खरखर सुरू झाली की तो झिजलेला आहे असं समजा.

१८. अमेरिकन ॲम्प पुण्यात कसा चालवू? गिटारला वीज लागते का?

गिटारला लागत नाही. ॲम्पला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, कारण तिकडचा पुरवठा १२० व्होल्ट आणि आपला २३०. ॲम्पवर लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं तिकडच्या ६० हर्ट्झच्या ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो. तपकीर गल्लीत चांगले मिळतात, मात्र वाइंडिंग तांब्याचं आहे ना, ते विचारून घ्या. साठच्या दशकातल्या ॲम्पला दोन पिनांचा प्लग असेल तर वाजवण्यापूर्वी जाणकाराकडून तीन पिनांची वायर आणि अर्थिंग करून घ्या. हातात पोलादी बार असतो, हे विसरू नका.

१९. मांडवात वाजवताना प्रचंड घरघर येते.

जुने पिकअप सिंगल कॉइल असतात आणि लायटिंगचे डिमर, एलईडीचे पडदे, जनरेटर या सगळ्यांचा गोंगाट ते उचलतात. वाद्य थोडं फिरवून बघा; एका दिशेला घरघर एकदम कमी होते, तीच दिशा धरा. ॲम्प आणि लाइटची वीज वेगवेगळ्या बोर्डवरून मागा, वायर आखूड ठेवा. अर्थिंगचं प्रश्न १८ मध्ये आहेच. अर्थ पिन काढून घरघर घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

२०. भाग तुटला तर इथे मिळेल का?

तयार मिळत नाही, करून मिळतो. नायलॉनचे नट, पितळी बुशिंग, सळ्या, स्प्रिंगा हे सगळं भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये नमुना दिला तर होतं. अडचण आट्यांची आहे. अमेरिकन वाद्यातले स्क्रू इंची मापाचे, यूएनसी किंवा यूएनएफ आट्यांचे असतात. बोहरी आळीत इंची स्क्रू मागितला तर बऱ्याचदा बीएसडब्ल्यू (ब्रिटिश आट्यांचा) हाती पडतो, आणि मेट्रिक तर सर्रास. बारीक मापात यातलं काहीच बसत नाही. दोन फेरे जाऊन अडकला की थांबा. जोर लावला तर अॅल्युमिनियममधले जुने आटे कायमचे जातात. मूळ तुटका भाग टाकू नका, पुढच्या वेळी नमुना तोच.

२१. पावसाळ्यात काय करू?

वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं वरून आणि खालून पुसा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. बंद पेटीत माळ्यावर चार महिने ठेवलेल्या वाद्याला बुरशी लागतेच, म्हणून जून ते सप्टेंबर ते पायांवर उभं, सुती चादरीखाली ठेवलेलं बरं. डिसेंबरातल्या उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात उलट होतं: रात्री गारठ्यानं तारा चढतात. मंचावर अर्धा तास आधी वाद्य मांडून ठेवा आणि मगच सूर लावा.

२२. मांडी घालून वाजवता येईल का? आणि चपला काढाव्या लागल्या तर?

मांडी घालून नाही, पाय मोकळे हवेत. भारतीय बैठकीच्या मंचावर वाजवायचं असेल तर आयोजकांकडून खुर्ची ठेवण्याएवढी वेगळी चौकी आधीच मागून घ्या. खुर्ची हात नसलेली, आणि मांड्या वाद्याच्या तळाखाली गुडघ्याच्या लिव्हरना सहज पोचतील इतक्या उंचीची.

गणपतीसमोर किंवा देवळात पादत्राणं काढावी लागतातच. जाड मोजे घाला आणि घरी त्याच मोज्यांवर सराव करा, कारण पेडलची खोली पायाला वेगळी लागते. पेडलांच्या सळ्यांची लांबी फिरवून कमी-जास्त करता येते. पाय टेकवल्यावर टाच जमिनीवर राहील इतकी ठेवा.

२३. माझं एमन्स पुश-पुल आहे. वरचं सगळं लागू आहे का?

साफसफाई, तारा, टोन, वीज हे सगळं लागू. सुराची जुळणी मात्र वेगळी. त्यात चेंजरचं बोट एकाच तुकड्याचं असतं आणि ते बॉडीला घट्ट टेकलेलं राहतं. त्याचा घुमारा बऱ्याच वादकांना सर्वात प्रिय आहे, मलाही. पण त्यातले चढ-उतार आणि मोकळ्या तारेची विश्रांतीची जागा एकमेकांत गुंतलेल्या असतात. एक स्क्रू फिरवला की दुसरं हलतं. त्याच्या जुळणीची पायरी-पायरी पद्धत समोर ठेवल्याशिवाय टोकाच्या प्लेटचा एकही स्क्रू फिरवू नका. केबलवरच्या फेंडरचंही असंच: तिथे आधी केबल झिजल्यात का ते बघा.

२४. यावर राग वाजवता येईल का?

वाजतो, पण विचार करून घ्या. बारनं घेतलेली मींड वादकाच्या मनासारखी थांबते. पेडलची मींड नटनं ठरवलेल्या जागीच थांबते. दरबारीचा आंदोलित गांधार पेडलला येणार नाही, बारला येईल. एकट्या सुराचं गाणं करायचं असेल तर पेडल नसलेली हवाईयन गिटारच पुरेशी आहे. काब्रांनी १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर केलेलं वादन ऐका. पेडल स्टीलचं खरं बळ एकाच वेळी हलणाऱ्या दोन-तीन सुरांत आहे. भावगीताच्या ध्रुवपदामागे सा-ग-प चं सा-म-ध करत भरणा द्यावा, ओळींच्या मधल्या जागा हळुवार भराव्यात, तिथे हे वाद्य अप्रतिम बोलतं.

२५. आधीच्या मालकानं लिव्हर विचित्र लावून ठेवल्यात. मूळ पद्धतीवर आणू?

लगेच नको. प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे कागदावर नोंद करा आणि महिनाभर तसंच वाजवा. लिव्हर कुठे आहे याची सवय होते. बदल करायचा तो एखादा चढ-उतार मुळातच नसेल तर. षड्ज उतरवणारी आणि षड्ज चढवणारी या दोन लिव्हर हव्यातच, आणि त्या एकाच गुडघ्याला पण विरुद्ध दिशांना असल्या तर उत्तम. बाकीचं तुमच्या हाताला पटेल तसं. सळ्या हलवून जमत असेल तर हलवा. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीतल्या पिशवीत ठेवा.